स्किझोफ्रेनिया आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: व्हिटॅमिनच्या गोळीनं भागेल का?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे, फक्त अडखळणं आणि पुनरुक्ती काढली आहे.)



आजचा भाग एका ईमेलमुळे होतोय. गेल्या महिन्यात आपल्या एका श्रोत्या बाईंनी लिहिलं. त्यांचं नाव-गाव सांगत नाही, आणि जे सांगतेय ते त्यांना विचारूनच. त्यांचा मुलगा २३ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. औषधं चालू आहेत, कानात येणारे आवाज जवळजवळ थांबलेत. पण वजन वाढलंय, दिवसभर सुस्ती असते, पूर्वीसारखं बोलणं-हसणं नाही. अशात त्यांच्या नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत सांगितलंय की स्किझोफ्रेनिया म्हणजे दुसरं काही नसून मेंदूतला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आहे. ग्लुटाथायोन घ्या, अमुक व्हिटॅमिन घ्या आणि त्या विषारी गोळ्यांपासून सुटका करून घ्या. बाईंनी शेवटी विचारलंय, “ताई, तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकवता. हे खरं आहे का? मी त्याची रात्रीची गोळी अर्धी केली तर चालेल का?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच दिवशी पाठवलं: अजिबात कमी करू नका, उद्या सकाळी त्याच्या डॉक्टरांना फोन करा. पण पहिला प्रश्न एका ओळीत उडवून लावण्यासारखा नाही. कारण त्या व्हिडिओतलं अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं असलेली गोष्ट धडधडीत खोट्यापेक्षा जास्त त्रास देते, हे मी स्वतःच्या घरात पाहिलंय. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. आधी विज्ञान समजून घेऊ.

तर, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय? नावात स्ट्रेस आहे म्हणून आपल्याला वाटतं टेन्शन, कामाचा ताण वगैरे. तसं नाही. हा ताण रासायनिक आहे.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. खोबऱ्याची वाटी फार दिवस उघडी राहिली की खवट होते. शेंगदाण्याचं कूट खवट होतं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरलं की त्याला वास येतो. इथे होतं काय, तर हवेतला ऑक्सिजन स्निग्ध पदार्थाच्या रेणूंवर हल्ला करतो. एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. साखळीच सुरू होते. रसायनशास्त्रात याला लिपिड पेरॉक्सिडेशन म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्याला साधा, नेमका शब्द आहे: खवटपणा.

आता मेंदूकडे या. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला जवळपास २० टक्के एकटा मेंदू खातो. शिवाय मेंदू हा स्निग्ध पदार्थांनी भरलेला अवयव आहे. त्याच्या पेशींच्या आवरणात डीएचएसारखी ओमेगा-३ स्निग्धाम्लं भरपूर असतात, आणि हीच सगळ्यात लवकर खवट होणारी. म्हणजे भरपूर तेल, भरपूर ऑक्सिजन आणि २४ तास पेटलेली चूल. एवढं असून आपला मेंदू ७०-८० वर्षं टिकतो, हेच नवल आहे.

टिकतो तो कशामुळे? पेशीत मायटोकाँड्रिया असतात, तिथे ऊर्जा तयार होते. ती करताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड नावाचा चिडका रेणू तयार होतो. अशा रेणूंना फ्री रॅडिकल, मराठीत मुक्त मूलक म्हणतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसं समजा. या ठिणग्या विझवायला पेशीनं माणसं नेमलेली आहेत. सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं विकर सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि मग कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरं त्याचं साधं पाणी करून टाकतात. या शेवटच्या कामात लागतो तो ग्लुटाथायोन. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांपासून आपली पेशी तो स्वतःच बनवते.

ठिणग्या उडण्याचा वेग आणि विझवण्याचा वेग यांचं गणित जमलं की सगळं ठीक. ठिणग्या वाढल्या, किंवा विझवणारे कमी पडले, की जो ताण येतो तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. एवढंच. हा काही आजार नाही, ही एक अवस्था आहे. मधुमेहात ती दिसते, पार्किन्सनमध्ये दिसते, सिगारेट ओढणाऱ्यात दिसते.

मग स्किझोफ्रेनियाशी याचा संबंध कसा जोडला गेला? याची गोष्ट पार १९५०च्या दशकात, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात सुरू होते. अब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड हे दोघे मानसोपचारतज्ज्ञ तिथे काम करत होते. ॲड्रेनॅलिनचं द्रावण जुनं झालं की गुलाबी पडतं, कारण त्याचं ऑक्सिडेशन होऊन ॲड्रेनोक्रोम नावाचं रसायन तयार होतं. या दोघांचा तर्क असा की स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या शरीरातही असंच काही घडत असावं, आणि त्यातून भास होत असावेत. उपाय म्हणून त्यांनी नायसिन, म्हणजे बी-३ व्हिटॅमिन, भल्यामोठ्या मात्रेत द्यायला सुरुवात केली, जोडीला व्हिटॅमिन सी. रुग्ण बरे होतात असे दावे झाले. हजारो कुटुंबांना आशा वाटली. पण इतरांनी काटेकोरपणे तपासल्यावर तो फायदा दिसेना, आणि १९७३ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या समितीनं या मेगाव्हिटॅमिन उपचाराच्या दाव्यांना आधार नाही, असा स्पष्ट अहवाल दिला.

म्हणजे बघा, त्या व्हिडिओत जे नवं म्हणून सांगितलंय ते ७० वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय.

पण हॉफरांचं चुकलं म्हणून विषय संपला नाही. १९९०च्या दशकात तो नव्यानं, जास्त चांगल्या मोजमापांसह पुढे आला, आणि यात मराठी माणसांचं मोठं काम आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे डॉ. साहेबराव महाडिक यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या रक्तातली विकरं आणि लाल रक्तपेशींच्या आवरणातली स्निग्धाम्लं मोजली. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या पाषाणच्या एनसीएलमध्ये, डॉ. प्रभाकर रांजेकर यांच्या गटानं त्यांच्याबरोबर काम केलं. निष्कर्ष थोडक्यात असे: अनेक रुग्णांच्या रक्तात खवटपणाच्या खुणा जास्त होत्या, आणि पेशींच्या आवरणातली ती नाजूक स्निग्धाम्लं कमी होती. महत्त्वाचं म्हणजे ज्यांनी अजून एकही गोळी घेतलेली नव्हती अशा नव्या रुग्णांमध्येही बिघाड दिसला. म्हणजे हे सगळं औषधांमुळे झालं, असं म्हणता येत नाही.

दुसरी मोठी नोंद स्वित्झर्लंडमधली. लोझान इथल्या किम डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रुग्णांच्या पाठीतलं पाणी काढून, म्हणजे मेंदूभोवती आणि मज्जारज्जूभोवती जो द्रव असतो तो तपासून, त्यांनी ग्लुटाथायोन मोजला. तो निरोगी लोकांपेक्षा २७ टक्के कमी होता. मेंदूच्या पुढच्या भागात खास प्रकारच्या स्कॅननं मोजला, तर ५२ टक्के कमी. आता लगेच ५२ हा आकडा पाठ करू नका. पुढे इतर प्रयोगशाळांनी मोजलं तेव्हा काहींना थोडीशी घट दिसली, काहींना काहीच फरक दिसला नाही. विज्ञानात पहिला आकडा बऱ्याचदा मोठा असतो, मग तो हळूहळू खाली उतरतो.

बरं, ग्लुटाथायोन कमी असला तर माणसाला आवाज का ऐकू यावेत? इथे मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. मेंदूत काही चेतापेशी अशा असतात की त्यांचं काम दुसऱ्यांना थोपवणं, ताल धरून ठेवणं. पार्व्हाल्ब्युमिन पेशी म्हणतात त्यांना. ढोल-ताशाचं पथक डोळ्यासमोर आणा. ढोल पन्नास असतील, पण ताल ताशेवाला धरतो. त्याचा हात चुकला की पन्नास ढोल असूनही नुसता गोंगाट होतो. या पार्व्हाल्ब्युमिन पेशी म्हणजे मेंदूतले ताशेवाले. त्या सेकंदाला कित्येक वेळा, न थकता वाजतात. त्यामुळे त्यांना ऊर्जा जास्त लागते, मायटोकाँड्रिया जास्त लागतात, आणि ठिणग्याही जास्त उडतात. म्हणून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची झळ त्यांना आधी बसते. त्यांच्याभोवती एक संरक्षक जाळी असते, ती वाढीच्या वयात, पौगंडावस्थेपर्यंत हळूहळू पक्की होते. स्किझोफ्रेनिया साधारण कधी सुरू होतो? अठरा-वीस ते पंचविशीत. जाळी नीट विणली जाण्याआधीच झळ लागली तर पुढे ताल बिघडत असेल, असा हा विचार आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याला चांगला आधार मिळालाय. वेगवेगळ्या कारणांनी बिघाड घडवलेल्या उंदरांतही या पेशींवर हाच घाव दिसतो, हे लोझानच्या गटानं २०१७ साली दाखवलं.

पण उंदीर तो उंदीर. उंदराला आवाज ऐकू येतात का, हे आपण विचारू शकत नाही.

मग आता नेमकं काय म्हणता येतं? हे की बऱ्याच रुग्णांमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असतो, पण सगळ्यांत नाही. तो आजाराच्या मुळाशी आहे की आजाराबरोबर येतो, हे अजून ठरलेलं नाही. धूर दिसतोय, पण आग त्या खोलीतच लागलीय की शेजारच्या खोलीतून धूर येतोय, ते कळायचंय. आणि धुराला बाकीचीही कारणं असतात. या रुग्णांमध्ये सिगारेटचं प्रमाण फार असतं. वजन वाढतं, साखर वाढते, जेवणाचे हाल होतात. काही औषधांचाही, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉलचा, प्राण्यांवरच्या प्रयोगात असा परिणाम दिसलाय. व्हिडिओवाल्यांनी ‘विषारी’ म्हटलं ते या धाग्याला धरून. धागा खरा आहे, त्यापासून विणलेलं कापड खोटं.

आता माझ्या घरातली गोष्ट. ही मी या कार्यक्रमात आजवर बोलले नाही.

माझा दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. १९९९ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आजारी पडला. आम्ही सांगलीचे. आधी देव झाले, मग बाहेरचं काही आहे का ते बघून झालं, मग वर्षभरानं डॉक्टर झाले. रिस्पेरिडोननं तो सावरला. म्हणजे पूर्वीसारखा नाही, पण सकाळी उठून आंघोळ करायचा, बाबांबरोबर दुकानात बसायचा, गिऱ्हाइकाला सुटे पैसे बरोबर द्यायचा.

२००४ मध्ये मी पुण्यात एमएस्सी करत होते. बायोकेमिस्ट्री. लायब्ररीत मला एनसीएलच्या गटाचा २००३चा शोधनिबंध सापडला. ३३ रुग्णांना चार महिने ओमेगा-३ स्निग्धाम्लं आणि व्हिटॅमिन ई व सी दिलं, रोज दोनदा. रुग्णांची लक्षणं कमी झाली, जगण्याची प्रत सुधारली, आणि गोळ्या थांबवल्यावर चार महिन्यांनीही सुधारणा बऱ्यापैकी टिकून होती. मी तो निबंध तिथेच उभ्यानं वाचला. माझ्या दादाच्या आजाराबद्दल, माझ्याच विषयात, माझ्याच गावात काम झालं होतं! मी झेरॉक्स काढली, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि व्हिटॅमिन घेतलं आणि शनिवारच्या एसटीनं सांगलीला गेले.

दादाला मी सगळं समजावलं. अगदी वहीवर आकृती काढून. हे बघ, पेशीची भिंत, हे मुक्त मूलक, हे व्हिटॅमिन ई. तो लक्ष देऊन ऐकत होता. कितीतरी दिवसांनी त्यानं मला प्रश्न विचारले. मला इतका आनंद झाला होता!

त्यानं ऐकलं ते असं: आजार तेलाचा आहे, गोळ्या चुकीच्या आहेत. व्हिटॅमिन तो नेमानं घेत राहिला आणि रिस्पेरिडोन रोज बेसिनमध्ये टाकत राहिला. सात-आठ आठवड्यांनी एका रात्री तो घरातून गेला. दोन दिवसांनी मिरज स्टेशनवर सापडला, पायात चप्पल नव्हती. पुढे तो पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होता. मला बघून म्हणाला, “तूच सांगितलंस ना, व्हिटॅमिननं होतं म्हणून?”

मी तसं सांगितलं नव्हतं. पण तो निबंध मी नीट वाचलाही नव्हता. ती व्हिटॅमिनं चालू औषधांच्या जोडीला दिली होती, औषधांऐवजी नाही. शिवाय त्या प्रयोगात तुलनेसाठी खोट्या गोळीचा, म्हणजे प्लासिबोचा गट नव्हता. प्लासिबोसह अभ्यास व्हायला हवा, असं लेखकांनीच लिहिलं होतं. चार महिने कुणी आपुलकीनं विचारपूस करतंय, वेळेवर तपासतंय, आशा दाखवतंय, एवढ्यानंही माणसाला बरं वाटतं. गोळीचा गुण किती आणि त्या आपुलकीचा किती, हे वेगळं काढायला प्लासिबो लागतो.

त्याच वर्षी ‘देवराई’ चित्रपट आला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याची बहीण. सगळे सांगायचे बघ म्हणून. मला तो बघायला पुढची सहा वर्षं लागली.

असो. तर नंतरचे काटेकोर अभ्यास काय सांगतात? चार-पाचच सांगते, पण नीट ऐका.

नागपूरला ४० रुग्णांवर आठ आठवड्यांचा अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला. यात प्लासिबो होता. नव्या औषधांच्या जोडीला रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं, तर खवटपणाच्या खुणाही कमी झाल्या आणि लक्षणंही जास्त सुधारली. अभ्यास छोटा होता, पण रचना चांगली.

मग एन-ॲसिटिल-सिस्टीन. छातीतला कफ पातळ करायला देतात ते, पॅरासिटामॉलचा विषारी डोस पोटात गेला तर उतारा म्हणूनही देतात. यातून पेशीला सिस्टीन मिळतं आणि ती ग्लुटाथायोन बनवते. थेट ग्लुटाथायोन का देत नाहीत? कारण पोटात गेल्यावर त्याचे बरेचसे तुकडे होतात. गोरं होण्यासाठी म्हणून जो ग्लुटाथायोन विकला जातो, त्याचा मेंदूच्या आजाराशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवते.

२००८ साली मायकेल बर्क आणि सहकाऱ्यांनी १४० रुग्णांना चालू औषधांच्या जोडीला रोज दोन ग्रॅम एन-ॲसिटिल-सिस्टीन किंवा प्लासिबो दिलं, २४ आठवडे. निरुत्साह, कुणाशी न बोलणं, अशा लक्षणांत मध्यम सुधारणा दिसली. आवाज आणि संशय यांत नाही. गोळी थांबवल्यावर चार आठवड्यांत फायदा मावळला. २०१८ साली आजाराच्या सुरुवातीच्या काळातल्या ६३ रुग्णांवर अभ्यास झाला. मेंदूतला ग्लुटाथायोन खरोखर वाढला, २३ टक्क्यांनी. विचारांचा वेग थोडा सुधारला. पण ज्या लक्षणांसाठी हा अभ्यास केला होता त्यांत फरक पडला नाही. आणि २०२२ साली क्लोझापिन घेऊनही पुरेसं बरं न वाटलेल्या ८५ रुग्णांवर वर्षभराचा अभ्यास झाला, त्यात काहीच फायदा दिसला नाही.

शेवटचा अभ्यास नॉर्वेचा, २०१३ चा, ९९ रुग्ण. हा प्रत्येक घरानं ऐकावा. यात ओमेगा-३ आणि व्हिटॅमिन ई व सी, वेगवेगळं आणि एकत्र, असं देऊन पाहिलं. ज्यांच्या रक्तपेशींत स्निग्धाम्लं मुळात कमी होती, अशा रुग्णांना नुसती व्हिटॅमिनं दिली तर भास आणि भ्रम वाढले. बरोबर ऐकलंत, वाढले. नुसतं ओमेगा-३ दिल्यावरही त्रास झाला. दोन्ही एकत्र दिल्यावर तो झाला नाही. म्हणजे “व्हिटॅमिनच तर आहे, फायदा नाही झाला तरी तोटा काय?” हे वाक्य इथे चालत नाही. मुक्त मूलक शरीराला ठरावीक प्रमाणात लागतातही. पेशी त्यांच्याकरवी एकमेकींना निरोप देतात. सगळ्या ठिणग्या विझवल्या तर चूलच पेटणार नाही.

आता दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. नेहमीची अँटिसायकोटिक औषधं. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी वर्षभरात आजार उलटला २७ टक्के जणांचा. औषध काढून प्लासिबो दिलेल्यांपैकी ६४ टक्के जणांचा. हा आकडा मला २००४ मध्ये माहीत असायला हवा होता, पण तेव्हा तो आढावाच झाला नव्हता. आज तुम्हाला मात्र माहीत आहे.

मग त्या आईनं करायचं काय? नुसतं “गोळ्या चालू ठेवा” म्हणणं सोपं आहे. मुलाचं वजन वाढलंय, तो दिवसभर झोपून आहे, हा त्रास खरा आहे आणि तो डॉक्टरांपुढे मांडायलाच हवा. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं. पण ते त्यांनी, पायरीपायरीनं. साखर, चरबी, रक्तदाब नियमित तपासा. या आजारातली माणसं इतरांपेक्षा बऱ्याच लवकर जातात, आणि त्याचं मोठं कारण हृदयविकार आहे.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करायचाच असेल तर घरातून करण्यासारखं आहे: चालणं, वेळेवर झोप, साधं ताजं जेवण, आणि सिगारेट-बिडी सोडणं. पण एक लक्षात ठेवा. मुलगा क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेत असेल आणि त्यानं सिगारेट एकदम सोडली, तर रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं, कारण धुरामुळे यकृत ही औषधं जास्त वेगानं निकालात काढत असतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही. म्हणून सिगारेट जरूर सोडा, पण डॉक्टरांना आधी सांगून. आणि कोणतीही पूरक गोळी सुरू करायची असेल तर ती चिठ्ठीवर लिहून घ्या. लपवून देऊ नका, मुलापासूनही नाही आणि डॉक्टरांपासूनही नाही.

त्या ईमेलमध्ये आणखी एक ओळ होती, जी मी सुरुवातीला वाचली नाही. त्यांनी लिहिलं होतं, “हे तेलाचं, व्हिटॅमिनचं कारण खरं असेल, तर माझं काही चुकलं नाही ना?” मला वाटतं, त्यांचा खरा प्रश्न हा होता. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी ‘स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई’ अशी कल्पना मांडली आणि पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर आयांकडे बोट दाखवत राहिले. ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली. हा आजार आईच्या वागण्यानं होत नाही. जनुकांचा त्यात मोठा वाटा आहे, तरी एकसारख्या जुळ्यांत एकाला असला तर दुसऱ्याला होतोच असं नाही. साधारण निम्म्या वेळा किंवा त्याहून कमी. बाकी वाटा गर्भातल्या, जन्मावेळच्या आणि वाढीतल्या अनेक घटनांचा. त्यातल्या काही घटना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या वाटेनं मेंदूपर्यंत पोहोचत असतील. पण ताई, त्यातलं काहीही तुम्ही ‘केलेलं’ नाही. तुम्ही डब्यात काय दिलंत यावर ते ठरलेलं नाही.

दादा आता पंचेचाळिशी ओलांडून गेलाय. औषध बदललं, डोस कमी झाला, दुकान आता तो आणि वहिनी, म्हणजे आमच्या चुलतभावाची बायको, मिळून बघतात. परवा मी त्याला विचारलं, तुझ्याबद्दल बोलू का कार्यक्रमात? म्हणाला, “बोल. पण बेसिनचं सांग. लोकांना वाटतं गोळी दिली म्हणजे घेतली.” तर तेही सांगून झालं.

त्या ताईंचा परवा पुन्हा ईमेल आला. गोळी अर्धी केलेली नाही. डॉक्टरांनी वेळ बदलून दिलीय, वजनासाठी आहारतज्ज्ञाकडे पाठवलंय. मुलगा रोज संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येतो.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल आणि कुठे विचारावं कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६ हा क्रमांक, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे लिहून पाठवा. आणि व्हॉट्सॲपवर असा एखादा व्हिडिओ आला तर पुढे पाठवण्याआधी एकदा विचारा: हे औषधाच्या जोडीला सांगतायत की औषधाऐवजी?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.